छुपी नाममुद्रा (आर्केड खेळांतील)

छुपी नाममुद्रा : नाणे टाकून खेळायच्या जुन्या (आर्केड) व्हिडिओ गेममध्ये दडवून ठेवलेले कर्त्याचे नाव. कधी ते प्रोग्रॅमरने कंपनीच्या नकळत घातलेले असते, तर कधी कंपनीनेच नक्कल करणाऱ्यांच्या नकळत. अभंगात कवीची नाममुद्रा शेवटच्या ओळीत उघड येते. इथे ती ठरावीक क्रमाने बटणे दाबल्यावरच पडद्यावर उमटते. काही मुद्रा तर पडद्यावर कधीच येत नाहीत, चिपमधल्या आकड्यांत नुसत्या पडून असतात.

१९७० च्या दशकात गेम हा कंपनीचा माल समजला जाई आणि कॅबिनेटवर, म्हणजे यंत्राच्या कपाटावर, नाव असे तेही कंपनीचेच. श्रेय नाही आणि विक्रीच्या मानाने पैसाही नाही, या रागातून डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कप्लान हे चौघे प्रोग्रॅमर अटारी ही अमेरिकी गेम कंपनी सोडून गेले आणि १९७९ मध्ये त्यांची ॲक्टिव्हिजन ही नवी कंपनी उभी राहिली. जपानमध्ये कारण थोडे वेगळे होते. हाताशी आलेला माणूस प्रतिस्पर्ध्याने पळवू नये म्हणून नाव झाकले जाई, आणि मग टोपणनावे चालत. नामकोच्या ‘झेव्हियस’मध्ये (१९८२) सुरुवातीलाच विमान उजव्या कडेला नेऊन बॉम्ब टाकत राहिले, की प्रोग्रॅम ‘एव्हेझू’चा असल्याची ओळ दिसते. हे मासानोबू एंडो यांचे टोपणनाव.

अमेरिकेत याहून साधी पळवाट होती. यंत्र सुरू केल्यावर सर्वाधिक गुणांच्या तक्त्यात आधीच काही नावे भरलेली लागत, तिथे प्रोग्रॅमर आपली आद्याक्षरे किंवा टोपणनावाची अक्षरे घालून मोकळे होत. विल्यम्स कंपनीच्या ‘डिफेंडर’मधले (१९८१) ‘डीआरजे’ म्हणजे यूजीन जार्व्हिस, ‘एलईडी’ म्हणजे लॅरी डिमार. हे लपवणे म्हणावे की नाही हा वादाचा मुद्दा आहे. नाव समोरच होते, ते कोणाचे हे मात्र गुणांमागे लागलेल्या पोरांना ठाऊक नव्हते.

या विषयात ‘पहिला कोण’ हे उत्तर वारंवार बदलत आले आहे. बराच काळ हा मान वॉरन रॉबिनेट यांच्या ‘ॲडव्हेंचर’ला (१९८०) दिला जाई. तो आर्केडचा नव्हे, अटारीच्या घरगुती यंत्रावरचा खेळ. त्यातला एकच करडा ठिपका उचलून योग्य खोलीत नेला की कर्त्याचे नाव झळकत असे. सॉल्ट लेक सिटीतल्या एका मुलाने पत्र पाठवून ही गोष्ट अटारीच्या नजरेस आणली आणि कंपनीच्या स्टीव्ह राइट यांनी अशा दडवलेल्या गोष्टींना ‘ईस्टर एग’ म्हणायला सुरुवात केली. रॉबिनेट तोवर नोकरी सोडून गेले होते.

आर्केडमधला आज ज्ञात असलेला सर्वात जुना नमुना अटारीच्या ‘स्टारशिप १’मध्ये (१९७७) आहे. तो कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉन मिल्नर यांनी घातला. काही दडवले होते एवढे त्यांना आठवत होते. ते उघडायचे कसे, हे मात्र ते स्वतःच विसरले होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचे माजी अधिकारी एड फ्राइज यांनी खेळाचा कोड तपासून २०१७ मध्ये ती किल्ली शोधली. नाणे टाकतानाच ठरावीक बटणे नेमक्या वेळी दाबून धरावी लागतात. मग पडद्यावर ‘हाय रॉन!’ येते आणि दहा डाव फुकट मिळतात. ४० वर्षे कोणालाही हे अपघाताने सापडले नाही यात नवल नाही, कारण नाणे टाकताना बटणांवर हात ठेवतो कोण?

‘पॅक-मॅन’ची (१९८०) मुद्रा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणारच नव्हती. दुरुस्ती करणारा माणूस कॅबिनेट उघडून टेस्ट मोड लावतो, तेव्हा पडदा तपासायला चौकटींची जाळी दिसते. त्या जाळीवर जॉयस्टिक वर, डावीकडे, उजवीकडे आणि खाली अशी चार-चार वेळा हलवली, की खेळातल्याच मोठ्या ठिपक्यांनी ‘मेड बाय नामको’ ही अक्षरे तयार होतात. बनावट बोर्ड विकणारा वरचे नाव खरवडून टाकील, पण आतले त्याला सापडणार नाही, असा हिशेब त्यामागे दिसतो.

सर्वात लक्षवेधी मजकूर ‘डाँकी काँग’मध्ये (१९८१) आहे. हा खेळ निन्टेन्डोचा म्हणून जगाला माहीत. पण कोड लिहिला होता इकेगामी त्सुशिन्की या कंपनीने. तिच्या लोकांनी रॉममध्ये (खेळ कायमचा साठवलेल्या चिपमध्ये) मोडक्या इंग्रजीत जे लिहून ठेवले त्याचा आशय असा : अभिनंदन, हा अवघड प्रोग्रॅम उलगडत असाल तर आम्ही तुम्हाला शिकवू. पुढे दूरध्वनी क्रमांक आणि कंपनीचे नाव. ही ओळ खेळाडूसाठी नव्हतीच, कोड फोडणाऱ्यासाठी होती. आणि फोडणारा निघाला घरचाच : पुढचा भाग काढताना निन्टेन्डोच्या बाजूने हाच कोड उलगडून वापरला गेला. १९८३ मध्ये इकेगामीने दावा लावला, तो १९९० मध्ये तडजोडीने मिटला.

शोधाची रीत ठरलेली आहे. बोर्डावरच्या रॉम चिप काढून रीडरने त्यातला मजकूर फाइलमध्ये उतरवायचा, ती फाइल जुने यंत्र संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या ‘मेम’ या एम्युलेटरमध्ये (१९९७ पासून) चालवायची आणि कोड डिसअसेंबल करून, म्हणजे आकड्यांतून वाचता येतील अशा आज्ञांत उलगडून, पाहायचा. डाँकी काँगमधली ओळ फाइलमधला कच्चा मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या साध्या हेक्स एडिटरमध्येही वाचता येते. पण बऱ्याच खेळांत अक्षरे ही चित्रांच्या तुकड्यांच्या क्रमांकांत साठवलेली असतात, त्यामुळे नाव टाइप करून शोधले तर हाती काही लागत नाही. तिथे उलट्या बाजूने जावे लागते. बटणे वाचणारा कोड गाठायचा आणि खेळाला ज्यांचे काहीच काम नाही अशा बटणांच्या क्रमाची तो वाट पाहतो आहे का, हे तपासायचे.