पार्श्वभूमी : साम्राज्य ब्रिटिशांच्या घराघरांत कसं शिरलं?

१८ मे १९००च्या रात्री एक बातमी लंडनला पोहोचली : दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात बोअरांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतकारांनी, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या माफेकिंग गावाला घातलेला वेढा उठला होता. गर्दी रस्त्यावर उतरली. हा उन्माद एका रात्रीत आलेला नव्हता. १८९६मध्ये सुरू झालेलं, अर्ध्या पेनीला मिळणारं ‘डेली मेल’ आणि त्याच्यासारखी इतर पत्रं युद्धाचं वातावरण सतत तापवत होती. वेढ्याच्या २१७ दिवसांत माफेकिंग लढवणारा ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल घरोघरी पूजला जाऊ लागला. आत अडकलेल्या आफ्रिकन रहिवाशांचा शिधा मात्र कापला गेला होता आणि त्यांच्यातले कित्येक जण भुकेने मेले. जल्लोषात त्यांचं नावही नव्हतं. त्याच काळात हिंदुस्थान भीषण दुष्काळात होरपळत होता, हे तर त्याहून विसरता कामा नये.

पुढे शाळांची पाळी आली. व्हिक्टोरिया राणीचा जन्मदिवस, २४ मे, हा ‘एम्पायर डे’ म्हणून पाळावा यासाठी लॉर्ड मीथ या साम्राज्यवादी उमरावांनी नेटाने प्रयत्न केले. मुलं झेंड्याला सलामी देऊ लागली, साम्राज्याची गाणी म्हणू लागली. १९१६मध्ये सरकारनेही या दिवसाला मान्यता दिली.

पण माझ्या मते सर्वांत प्रभावी प्रचार झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, आणि तोही बाजारहाटाच्या मार्गाने. १९२६मध्ये ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ स्थापन झालं. साम्राज्यात पिकलेलाच माल घ्या, असं सांगणारी त्याची सुरेख रंगीत पोस्टर्स गावोगावच्या फलकांवर झळकली. राजाच्या आचाऱ्याच्या नावाने नाताळच्या पुडिंगची कृतीही वाटण्यात आली : ऑस्ट्रेलियाचे बेदाणे, सिलोनची दालचिनी, झांझिबारची लवंग, जमैकाची रम. इथे युद्ध नाही, वर्चस्वाची भाषा नाही. गृहिणीने वाणसामान निवडायचं, एवढंच. ते कुणी, किती मजुरीवर पिकवलं, हा प्रश्न त्या कृतीत येतच नव्हता. आणि म्हणूनच ती इतकी परिणामकारक होती.

१९३२च्या ओटावा परिषदेत साम्राज्यातल्या मालाला जकातीत सवलत मिळाली आणि पुढच्याच वर्षी बोर्ड गुंडाळण्यात आलं. माहितीपटकार जॉन ग्रियर्सन यांचा तिथला चित्रपट विभाग टपाल खात्याकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात तोच ‘क्राउन फिल्म युनिट’ या नावाने माहिती मंत्रालयासाठी प्रचारपट काढू लागला.