कडक भिंतीत भोक पडतं ते घावाने

काँक्रीटच्या भिंतीत ड्रिल जात नाही म्हटलं की बहुतेक जण मशीनवर अंगाचा सगळा भार टाकतात. बिट, म्हणजे मशीनला लावलेली भोक पाडणारी सळी, तापून निळं पडतं आणि भोक मात्र आहे तिथेच राहतं. भिंतीचा स्वभाव कळला की हा सगळा त्रास वाचतो.

लाकडात किंवा लोखंडात बिटची धार साल काढत पुढे सरकते. काँक्रीट, दगड, पक्की वीट यांची साल निघत नाही, कारण हे पदार्थ ठिसूळ. त्यात वाळूतलं क्वार्ट्झ असतं आणि खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोहसच्या मापावर ते 7 वर. नुसतं घासत बसलं तर पोलादाची धारच झिजते. पण याच काँक्रीटची एक दुखरी बाजू आहे: ते दाब जेवढा सोसतं, त्याच्या साधारण दहावा हिस्साच ताण सोसतं.

घाव तिथेच लागू पडतो. बिटचं टोक आदळलं की खालचा कणभर भाग चुरडतो, तो चुरा आजूबाजूला रेटा देतो, त्या ताणाने केसाएवढ्या भेगा फुटतात आणि कपची सुटते. तेवढ्यात बिट किंचित फिरतं, पुढचा घाव शेजारी बसतो. फिरण्याचं काम एवढंच: जागा बदलणं आणि पिळातून भुगा बाहेर काढणं. हे घाव झेलायला बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड हा फार कठीण पदार्थ बसवलेला असतो. त्याचे कण कोबाल्टने जखडण्याची युक्ती जर्मनीत 1923 च्या सुमारास निघाली.

साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात. मिनिटाला हजारो ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका दुबळा, आणि मशीन दाबून धरलं तरच चकत्या भिडतात. विटेला ते पुरतं. काँक्रीटसाठी रोटरी हॅमरच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा एका ठोकळ्याला बिटवर फेकते. छोट्या मशीनचा एक घाव सुमारे 2 जूलचा, म्हणजे किलोभर वजन 20 सेंटीमीटरवरून पडावं तेवढा, आणि असे घाव मिनिटाला चारेक हजार. इथे जास्त रेटून काही मिळत नाही. मशीन सरळ धरायचं, हलका दाब ठेवायचा आणि मधूनमधून बिट बाहेर काढून भुगा मोकळा करायचा.

भोक पडता पडता बिट एकदम अडलं, आवाज बदलला आणि भुग्यात चकाकता कीस दिसला, तर आत सळई आहे. तिथे हट्ट करू नये, भोक थोडं सरकवावं. कार्बाइडही ठिसूळच, सळईवर त्याचा टवका उडतो. टाइल किंवा पोकळ वीट असेल तर हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवावं. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली तर भोक पाडूच नये, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

भुग्याला कोणी फारसं मोजत नाही, याचं मला वाईट वाटतं. प्लास्टिकची गिट्टी स्क्रूने फुगते आणि घर्षणावर भोकात टिकते. भुगा आत राहिला तर पकड सैल होते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे भुग्यातली सिलिका, म्हणजे त्याच क्वार्ट्झची धूळ. तिचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, पण फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांना त्यातून सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून एकाच भोकासाठीही एन-95 मास्क आणि चष्मा लावावा, भोकाशी व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरावी. तोंडाने फुंकर मारू नये, भुगा थेट डोळ्यांत येतो.