आकडा सारखा, पण चिकटपणा वेगळा

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाला ताप आला की पहिला प्रश्न ‘प्लेटलेट किती?’ डेंग्यूमुळे दीड ते चार लाख हा आकडा आता सगळ्यांना पाठ झाला आहे. हृदयाच्या बाबतीत मात्र तो फारसं काही सांगत नाही. दोघांच्या प्लेटलेट अडीच-अडीच लाख असल्या, तरी एकाच्या जरा डिवचल्या की गुठळी धरतात, दुसऱ्याच्या शांत राहतात. या फरकाचा बराच भाग जन्मजात असतो.

प्लेटलेटला केंद्रक नसतं. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे तुकडे पडून त्या बनतात आणि सात ते दहा दिवस जगतात. तिच्याकडून मिळालेल्या शिदोरीवरच त्यांना आयुष्य काढायचं असतं, म्हणून तिच्या जनुकातला बदल प्रत्येक प्लेटलेटवर उमटतो. प्लेटलेट ज्या प्रथिनाच्या आधारे एकमेकींना धरतात, त्यात ३३व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) प्रोलीन हे दुसरं असेल तर हृदयविकार वाढतो, असं १९९६ साली मांडलं गेलं. पुढच्या अभ्यासांत हा संबंध तितका ठाम राहिला नाही. असे बरेच बदल आता माहीत आहेत, पण एकेकाचा परिणाम अगदी थोडा. विडी-सिगारेटचा धूर आणि वाढलेली साखर कोणाच्याही प्लेटलेट चिकट करतात. तंबाखूच्या या पट्ट्यात हे आधी सांगायला हवं.

जनुकाचा खरा हिसका दिसतो तो स्टेंट (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यानंतर, आणि ते जनुक प्लेटलेटचं नाही, यकृतातलं आहे. रुग्णाला बहुधा अ‍ॅस्पिरिनसोबत ७५ मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेटना चिकटू न देणारं औषध रोज दिलं जातं. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. तिचा बहुतेक भाग वाया जातो, उरलेला यकृतात दोन टप्प्यांत कामाचा होतो. त्यात मुख्य हात सीवायपी२सी१९ या विकराचा (एन्झाइमचा). त्याच्या जनुकाच्या आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक निकामी असेल तर औषध कमी तयार होतं, दोन्ही असतील तर फारच थोडं. २०१० सालच्या एका एकत्रित विश्लेषणात स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका एक निकामी प्रत असलेल्यांत सुमारे पावणेतीनपट, दोन असलेल्यांत जवळजवळ चौपट आढळला. आपल्या दक्षिण आशियात निम्म्याच्या आसपास लोकांकडे किमान एक निकामी प्रत असते.

या जनुकाची तपासणी रक्तावर किंवा गालाच्या आतल्या पुसणीवर होते. अहवालात *१/*१ म्हणजे दोन्ही प्रती ठीक, *१/*२ म्हणजे एक निकामी, *२/*२ म्हणजे दोन्ही. तो जन्मभर बदलत नाही. उपचारासाठी कोल्हापूर-मिरजेला जाताना फाईलमध्ये असावा. गरज पडली तर डॉक्टर क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल देतात, पण त्यांनी रक्तस्राव जास्त होऊ शकतो, आणि पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल चालत नाही.

जनुक चांगलं असूनही घोटाळा होतो तो पित्ताच्या गोळीने. ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल याच विकराला अडवतात. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. पँटोप्राझोलचा अडथळा बराच कमी असतो, तेवढं डॉक्टरांना विचारा. दात काढायचा म्हणून क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करणं तर फारच घातक. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, त्यांच्यावर औषध नसतं, आणि स्टेंट नवा असेल तर गुठळी धरायला तेवढ्या पुरतात.