डिलीट अ‍ॅक्ट (कॅलिफोर्निया)

लोकांच्या वैयक्तिक माहितीचा व्यापार करणाऱ्या सर्व नोंदणीकृत कंपन्यांकडून आपली माहिती एकाच अर्जाने खोडून घेण्याचा हक्क देणारा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा कायदा. राज्याच्या सिनेटमध्ये जॉश बेकर यांनी मांडलेल्या विधेयक क्र. ३६२ वर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी १० ऑक्टोबर २०२३ रोजी सही केली.

ज्या माणसाशी आपला थेट व्यवहार नाही, त्याची माहिती गोळा करून तिसऱ्याला विकणारी कंपनी म्हणजे डेटा ब्रोकर. हा धंदा इंटरनेटच्याही आधीचा आहे. त्यातली नावाजलेली अ‍ॅक्झिऑम ही कंपनी १९६९ साली आर्कान्सा राज्यातल्या कॉन्वे गावी सुरू झाली. मालमत्तेच्या सरकारी नोंदी, मतदार याद्या, दुकानांतल्या खरेदीचे तपशील आणि आता मोबाइल अ‍ॅपमधून मिळणारा ठावठिकाणा असे तुकडे जोडून एकेका माणसाची फाइल तयार होते. अमेरिकेत ग्राहकहिताची देखरेख करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा नऊ कंपन्यांच्या तपासणीचा अहवाल २०१४ मध्ये दिला. त्यांतल्या एकीकडे जवळजवळ प्रत्येक अमेरिकन ग्राहकामागे सुमारे ३,००० प्रकारचे तपशील होते. लोकांची गटवारी करून त्यांच्या याद्या विकल्या जात होत्या; बाळाची चाहूल लागलेली जोडपी आणि मधुमेहाविषयी माहिती शोधणारे लोक असेही गट त्यांत होते. आपण कोणत्या यादीत आहोत याचा पत्ता त्या माणसांना नव्हता.

या व्यापाराची झळ जाहिरातींच्या त्रासापुरती राहत नाही. १९९९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात एका तरुणीवर पाळत ठेवणाऱ्या माणसाने माहिती विकणाऱ्या एका वेबसाइटकडून तिचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) आणि कामाचा पत्ता विकत घेतला. पत्ता मिळवण्यासाठी त्या कंपनीच्या वतीने खोटे कारण सांगून तिलाच फोन करण्यात आला होता. काही आठवड्यांत त्याने तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊन तिचा खून केला. माहिती विकण्याआधी त्या विक्रीमुळे कोणाच्या जिवाला धोका होईल का, याची वाजवी काळजी घेणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. निकाल योग्यच होता, पण न्यायालयात दाद मागता येते ती नुकसान झाल्यावर. विक्री होण्याआधी आपले नाव यादीतून काढून घेण्याची सोय त्यानंतरही कितीतरी वर्षे झाली नाही.

व्हरमाँट राज्याने आधी वेगळी वाट चोखाळली होती. कोणता डॉक्टर कोणती औषधे लिहून देतो, ही औषधांच्या दुकानांतली माहिती विपणनासाठी विकण्यावर तेथे निर्बंध घालण्यात आले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे तो कायदा रद्द केला. माहितीच्या विक्रीवर थेट घाला घालणे अमेरिकेत किती अवघड आहे, हे त्या निकालाने दाखवून दिले. २०१८ मध्ये याच राज्याने डेटा ब्रोकरांना नोंदणी सक्तीची करणारा देशातला पहिला कायदा केला. विक्री चालूच राहिली, पण विकणाऱ्यांची नावे प्रथमच सरकारदरबारी आली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ग्राहक गोपनीयता कायदा मंजूर झाला. बांधकाम व्यावसायिक अ‍ॅलिस्टर मॅकटॅगर्ट यांनी हा विषय थेट मतदारांपुढे नेण्याची तयारी केली होती. विधिमंडळाने कायदा केल्यावर त्यांनी तो प्रस्ताव मागे घेतला. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या या कायद्याने माहिती पाहण्याचा, खोडून घेण्याचा आणि विक्री थांबवण्याचा हक्क दिला. विक्रीचा मोबदला पैशांतच असला पाहिजे, असेही त्यात नाही. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या सेफोरा कंपनीने २०२२ मध्ये १२ लाख डॉलर भरून तडजोड केली, ती याच मुद्द्यावरच्या कारवाईत.

मात्र हक्क बजावायचा तर प्रत्येक कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागे, आणि ज्या कंपनीचे नावच कधी ऐकले नाही तिच्याकडे अर्ज करणार कसा? खोडण्याचा हक्कही त्या माणसाकडूनच घेतलेल्या माहितीपुरता होता. ब्रोकरांनी ती दुसरीकडून मिळवलेली असल्याने ते त्यातून निसटत. शिवाय तीसहून अधिक ब्रोकरांनी आपली अर्जाची पाने गुगलच्या शोधात येऊ नयेत असा कोड त्या पानांत घातल्याचे पत्रकारांनी २०२५ मध्ये उघडकीस आणले. कागदावरचा हक्क माणसाच्या हाती पडू नये, यासाठी केलेली ही तजवीज होती.

डिलीट अ‍ॅक्टचे मोल इथे कळते. कॅलिफोर्निया प्रायव्हसी प्रोटेक्शन एजन्सी या राज्याच्या गोपनीयताविषयक संस्थेने ‘ड्रॉप’ नावाची एकत्रित अर्जाची ऑनलाइन यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून खुली केली. रहिवासी असल्याची खातरजमा झाली की नाव, जन्मतारीख, पिन कोड, ईमेल, फोन नंबर भरायचा, शुल्क नाही. हे तपशील ब्रोकरांना उघडे दिले जात नाहीत. त्यांच्यावर गणिती प्रक्रिया करून तयार झालेली सांकेतिक अक्षरमाला यादीत जाते. ब्रोकरने आपल्याकडच्या नोंदी आधी एकसारख्या करायच्या, म्हणजे सगळी अक्षरे लहान करून जादा चिन्हे काढून टाकायची, मग त्यांच्यावर तीच प्रक्रिया करून जुळवून पाहायचे. जुळले की माहिती खोडायची आणि आपल्यासाठी काम करणाऱ्या कंत्राटदारांनाही खोडायला लावायची. १ ऑगस्ट २०२६ पासून दर ४५ दिवसांनी एकदा तरी हे करणे बंधनकारक आहे. ही पुनरावृत्तीच कायद्याचा कणा आहे, कारण या धंद्यात खोडलेली माहिती दुसऱ्या पुरवठादाराकडून पुन्हा येत राहते. कसूर झाल्यास प्रत्येक अर्जामागे दररोज २०० डॉलर दंड आहे. २०२८ पासून दर तीन वर्षांनी स्वतंत्र लेखापरीक्षणही करून घ्यावे लागेल.

कायद्याला मर्यादा आहेत. सार्वजनिक सरकारी नोंदी आणि १९७० च्या पतविषयक केंद्रीय कायद्याखाली येणारी माहिती त्यातून वगळली आहे. ज्या दुकानात वा अ‍ॅपवर आपण स्वतः खाते उघडले, तिथे स्वतःच अर्ज करावा लागतो. नोंदणी न करता धंदा करणाऱ्यांना शोधून काढण्याचे काम एजन्सीकडेच राहते.

नागरिकत्वाची अट नाही, राज्यात वास्तव्य पुरेसे आहे. त्यामुळे सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या भागांत वर्क व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही अर्ज करता येतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने पुढच्या वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा दिला. कायदा मात्र २०२३ मध्ये, बराच बदलून आला. आपण संमती देऊन सोपवलेली माहिती खोडून घेण्याचा आणि ती पुढे कोणाला दिली हे विचारण्याचा हक्क त्यात आहे. माहिती विकणाऱ्यांची सार्वजनिक नोंदवही किंवा सर्वांसाठी एकच अर्ज ही तरतूद त्यात नाही.