महासंचालक मोठे की मुंबईचे आयुक्त? पगारातला फरक सहाशे रुपयांचा!

गणपतीच्या बंदोबस्तात टीव्हीवर दिसतात ते मुंबईचे पोलीस आयुक्त. राज्याचे पोलीस महासंचालक मात्र कुलाब्याच्या मुख्यालयात असतात आणि पुष्कळांना त्यांचं नावही ठाऊक नसतं. त्यामुळे ‘मोठा साहेब कोण आणि पगार कुणाला जास्त?’ हा वाद कट्ट्यावर हमखास रंगतो. बरं, वर्दीकडे बघून निकाल लावावा तर तीही सोय नाही. अपर महासंचालक (महासंचालकांच्या एक पायरी खालचे), महासंचालक आणि राज्याचे पोलीसप्रमुख या तिघांच्याही खांद्यावर तीच राजमुद्रा आणि तेच तलवार-दंडुक्याचं चिन्ह असतं.

गोंधळाचं मूळ ‘महासंचालक’ या शब्दातच आहे. तो दर्जाही आहे आणि पदही. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग किंवा होमगार्ड इथले प्रमुख महासंचालक दर्जाचे असू शकतात, म्हणजे एका वेळी असे बरेच जण असतात. राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख मात्र एकच.

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात हा भेद स्वच्छ दिसतो. अपर महासंचालक लेव्हल १५ (म्हणजे पगाराचा स्तर) मध्ये, मूळ वेतन १,८२,२०० ते २,२४,१००. महासंचालक दर्जा लेव्हल १६ मध्ये, २,०५,४०० ते २,२४,४००. राज्याचे पोलीसप्रमुख लेव्हल १७ मध्ये, २,२५,००० ठोक. ‘ठोक’ म्हणजे वार्षिक वेतनवाढ नाही. खुर्चीत दोन वर्षं काढली तरी मूळ आकडा जागचा हलत नाही, वाढतो तो फक्त महागाई भत्ता.

आता मुंबईचे आयुक्त यात कुठे बसतात? ते खुर्चीवर ठरत नाही, बसणाऱ्याच्या दर्जावर ठरतं. या पदावर अपर महासंचालकही आले आणि महासंचालक दर्जाचे अधिकारीही. सप्टेंबर २०१५ आठवून बघा. तेव्हाचे आयुक्त राकेश मारिया यांना महासंचालक म्हणून बढती मिळाली आणि त्यासोबत आयुक्तपद गेलं. ते होमगार्डला गेले आणि तिथले प्रमुख अहमद जावेद आयुक्त झाले. दर्जा एक पायरी वर आणि खुर्ची मात्र बातम्यांबाहेरची, असं सरकारी नोकरीत घडतं. (अशा बढतीवर अभिनंदन करावं की सांत्वन, हे मला अजून कळलेलं नाही.)

लेव्हल १६ ला नुकतेच पोचलेले आयुक्त धरले, तर राज्याच्या पोलीसप्रमुखांशी मूळ वेतनात १९,६०० रुपयांचा फरक पडतो. जुलै २०२५ मध्ये लागू झालेला ५८ टक्के महागाई भत्ता मिळवला की पोलीसप्रमुखांचे ३,५५,५०० होतात आणि आयुक्तांचे ३,२४,५३२. पण आयुक्त लेव्हल १६ च्या शेवटच्या पायरीवर असतील तर मूळ वेतनातला फरक उरतो सहाशे रुपये. महागाई भत्त्यासकट ९४८. सहाव्या आयोगात तर तेवढाही नव्हता, दोन्हीकडचा वरचा आकडा ८०,०००च होता.

महागाई भत्ता या दोघांना केंद्राच्या दराने मिळतो, कारण भारतीय पोलीस सेवा ही अखिल भारतीय सेवा आहे. त्यांच्याच इमारतीतला निरीक्षक मात्र राज्य सरकारच्या शासन निर्णयाची वाट बघत बसतो. तो निघायला उशीर झाला की मग थकबाकीचा हिशेब.

बाकीच्या भत्त्यांबद्दल लोकांच्या कल्पना फारच भव्य असतात. केंद्राच्या दराने मुंबईसारख्या शहरात घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २,२५,००० वर ६७,५०० रुपये होतात. हा आकडा सरळ पगारात मिळवून ‘साहेबांना सव्वाचार लाख’ असं सांगणारे व्हिडिओ सर्रास फिरतात. पण सरकारी निवासस्थान घेतलं की हा भत्ता बंद. सरकारी गाडी दिमतीला असेल तर वाहतूक भत्त्याचंही तेच. या उंचीवर बरेचसे भत्ते पगारपत्रकात दिसतच नाहीत. ते बंगला, गाडी, चालक या रूपात मिळतात, आणि त्या बाबतीत दोघांत फारसं डावं-उजवं नाही. वर प्राप्तिकर कापला जातो तो वेगळाच.

अधिकाराचं गणित निराळं आहे. कागदावर आयुक्त राज्याच्या पोलीसप्रमुखांच्या नियंत्रणाखाली येतात. पण रोजची मुंबई, मोर्चे, परवानग्या, गुन्हे शाखा हे सगळं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्तालयातून हलतं. म्हणून तिथल्या खुर्चीसाठी जी चुरस लागते तिचा पगाराशी काडीचा संबंध नसतो.

आणि निवृत्तीनंतर? २००४ च्या आधी सेवेत आलेल्या अधिकाऱ्यांना जुनी पेन्शन लागू आहे, शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. राज्याच्या पोलीसप्रमुखपदावरून निवृत्त होणाऱ्याला १,१२,५००, तर लेव्हल १६ च्या शेवटच्या पायरीवरून निवृत्त होणाऱ्या आयुक्तांना १,१२,२००. त्यावर महागाई वाढ दोघांनाही सारख्याच टक्क्याने.