हिडकलचे गेट नेमके कधी उघडायचे?

बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवर हिडकल धरण आहे. तिथनं पाणी सोडलं की खालच्या अंगाची गोकाक, मुडलगीकडची लोकं चिडतात, आणि धरण पूर्ण भरलं नाही की उन्हाळ्यात कालवा कोरडा म्हणून ऊसवाले चिडतात. दोघांचंही खरंच आहे, म्हणून हा प्रश्न अवघड आहे.

जरा हिशोब करून बघा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. ११,५७४ क्युसेकनं (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) अखंड २४ तास पाणी आलं तर एक टीएमसी होतं. धरणाची क्षमता ५१ टीएमसीच्या आसपास. समजा ४६ भरलंय आणि वरनं ६० हजार क्युसेक यायला लागलं, तर उरलेली ५ टीएमसी जागा एका दिवसात संपते. आता काय करणार? सोडलं तर खाली हिरण्यकेशी आणि मार्कंडेय नद्यांचं पाणी आधीच आलेलं असतं, त्यात हे मिसळतं आणि गोकाकात घरात पाणी शिरतं, ऑगस्ट २०१९ ला बघितलंच आपण. अडवून धरलं तर त्याहून वाईट, कारण मातीच्या बांधावरनं पाणी वाहायला लागलं की बांधच धुपून जातो, ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमध्ये मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण असंच फुटलं आणि हजारो माणसं गेली. म्हणजे त्या दिवशी चांगला पर्याय शिल्लकच नसतो, कमी वाईट तेवढा निवडायचा.

खरा निर्णय त्याच्या आधी, जुलैत असतो: थोडं पाणी आधीच सोडून जागा रिकामी ठेवायची का? पण नंतर पाऊसच दडी मारून बसला तर? अशा वेळेसाठी लिओनार्ड सॅव्हेज या संख्याशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये एक पद्धत मांडली, प्रत्येक पर्यायात जास्तीत जास्त पस्तावा किती होईल ते काढायचं आणि ज्यात तो सगळ्यात कमी तो घ्यायचा. माझं मत विचाराल तर एका हंगामाचा ऊस आणि माणसांची घरं यात पस्तावा कुठं जास्त हे उघड आहे, पण ज्याचं कर्ज त्या उसावर आहे त्याला हे सांगताना नुकसानभरपाईचं पण बोलायला पाहिजे, नुसतं "समजून घ्या" म्हणून चालत नाही.

आणि दोष देताना आपली एक खोड आड येते. बॅरन आणि हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं की निर्णय अगदी तोच असला तरी शेवट वाईट झाला की लोकं त्या निर्णयालाच वाईट ठरवतात. त्यामुळं जुलैत पाणी सोडलं आणि पुढं पाऊस आला नाही, तर सोडणारा अधिकारी वेडा ठरतो, मग पुढच्या वर्षी तो धरण काठोकाठ भरूनच ठेवतो.