काळ्या मातीपासून मेम्ब्रेनपर्यंत: थेट इंधनघटाच्या पडद्याची पार्श्वभूमी

तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळीला दिलेले अमोनियम सल्फेट पाण्याबरोबर सगळेच वाहून जात नाही, कारण चिकणमातीचे कण अमोनियम धरून ठेवतात आणि बदल्यात कॅल्शियम सोडतात. खानदेशातला शेतकरी ‘जमीन खत धरते’ एवढेच म्हणतो. या अदलाबदलीचे रीतसर वर्णन इंग्लंडमध्ये जॉन थॉमस वे यांनी १८५० साली केले. इंधनघट म्हणजे इंधन न जाळता त्यापासून सरळ वीज करणारे साधन; त्याच्या दोन बाजूंमधल्या पॉलिमर पडद्याची कुळकथा तिथून सुरू होते.

ॲडम्स आणि होम्स यांनी १९३५ मध्ये आयन-विनिमय, म्हणजे विद्युतभारित कणांची अशीच अदलाबदल, करणारे कृत्रिम रेझिन तयार केले आणि पुढे सल्फोनेट केलेले, म्हणजे साखळीला आम्लगट जोडलेले, पॉलिस्टायरिन आले. बोअरचे जड पाणी मऊ करणाऱ्या टाकीतले मधाच्या रंगाचे बारीक मणी, ज्यांना अधूनमधून मिठाचे पाणी द्यावे लागते, ते याच जातीचे. जनरल इलेक्ट्रिकमधील विलार्ड ग्रब यांनी १९५५ मध्ये अशाच पदार्थाचा पडदा विद्युतघटात द्रव आम्लाच्या जागी बसवला आणि १९६५ साली जेमिनी-५ यानात तो घट अवकाशात गेला. मात्र घटात निर्माण होणाऱ्या पेरॉक्साइडमुळे पॉलिस्टायरिनची साखळी झिजत असे. टेफ्लॉनसारखी फ्लोरिनयुक्त साखळी असलेले, ड्यूपाँटच्या वॉल्थर ग्रोट यांचे नॅफिऑन या झिजेला पुरून उरले.

खरी अडचण मेथॅनॉल हे द्रव इंधन थेट घटात घालू लागल्यावर उघडी पडली. नॅफिऑनमधून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, जातात ते पाण्याने भरलेल्या सूक्ष्म वाटांनी, आणि पाण्यात सहज मिसळणारे मेथॅनॉलही त्याच वाटांनी पलीकडे, ऑक्सिजनच्या बाजूला, झिरपते. तिथे ते वीज न देताच जळते, शिवाय घटाचा दाबही, म्हणजे व्होल्टेज, उतरवते. म्हणून इंधन साधारण तीन-चार टक्क्यांइतके पातळ करून द्यावे लागते; मग टाकीत मुख्यतः पाणीच वाहायचे, हे माझ्या मते या घटाचे सर्वांत मोठे दुखणे आहे. पडदा जाड केला तर गळती घटते, पण रोध वाढतो.

त्यामुळे सल्फोनेट केलेले पॉलिइथर-इथर-कीटोन आणि फॉस्फोरिक आम्ल मुरवलेले पॉलिबेन्झिमिडाझोल हे पर्याय तपासले गेले. काहींनी नॅफिऑनमध्ये माँटमोरिलोनाइट या चिकणमातीतल्या खनिजाचे पातळ पापुद्रे मिसळले, म्हणजे मेथॅनॉलला वळसे घेत जावे लागते. पावसाळ्यात आपली काळी जमीन फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गटातल्या खनिजांमुळे. वे यांच्या मातीचा असा पुन्हा प्रवेश झाला. प्रमाण वाढले तर प्रोटॉनचीही वाट अडते, हे ओघानेच आले.

याच्या उलट दिशेचा मार्ग ऋणायन-विनिमय पडद्यांचा, म्हणजे प्रोटॉनऐवजी ऋण आयन जाऊ देणाऱ्या पडद्यांचा आहे. त्यांत हायड्रॉक्साइड आयन इंधनाच्या बाजूकडे येतात, त्यामुळे इंधन पलीकडे ओढले जाण्याचे प्रमाण घटते आणि प्लॅटिनमऐवजी निकेलसारखे स्वस्त धातूही चालू शकतात. या पडद्यांत पॉलिमरच्या साखळीला बांधलेला धन गट बहुधा चतुर्थक अमोनियमचा (चार कार्बनी गट जोडलेल्या धन नायट्रोजनचा) असतो, आणि गरम अल्कलीत आधी तुटतो तोही तोच.